मोकळा डबा

आमच्या घरात ‘बघू’ या शब्दाचा अर्थ ‘नाही’ असा होता. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कुणाला तोंडावर नाही म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही. पिशोरला बाजाराच्या रस्त्यावर त्यांचं शिंपीकामाचं दुकान होतं. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. पोळ्याच्या आदल्या दिवशी कुणी कापड घेऊन आलं तरी ते मशीनवरून मान वर न करता ‘बघू’ म्हणायचे. गिऱ्हाईक नवं असलं तर खूश होऊन घरी जायचं, जुनं असलं तर कापड उचलून समोरच्या दुकानात. त्यामुळं बारावीनंतर मी औरंगाबादच्या कॉलेजचं नाव काढलं आणि दादा म्हणाले, “दिवाळीपर्यंत जाऊन ये. फुडचं फुडं बघू,” तेव्हा घरात सगळ्यांनाच कळलं, की पोरगी दिवाळीला ट्रंकेसकट परत येणार. वैजापूरचं एक स्थळ सांगून आलं होतं. मुलाच्या वडिलांची मार्केट यार्डात कांद्याची आडत होती आणि ती माणसं दिवाळीतच मला बघायला येणार होती. म्हणजे मला कॉलेज मिळालं ते एका पावसाळ्यापुरतं, आणि वर थोडं ऊन.

मायचं बोलणं वेगळं होतं. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, आणि दादांपुढं वाद घालायची तिची रीत नव्हती. तिचं जे काही असायचं ते डब्यातून. बिस्किटांचा चौकोनी पत्र्याचा डबा, वरचं चित्र घासून घासून गेलेलं, झाकण इतकं घट्ट की चमच्याच्या दांड्यानं उचकटावं लागे. दर शनिवारी सकाळी ती हा डबा पिशोरहून सुटणाऱ्या एसटीच्या कंडक्टरच्या हवाली करायची आणि मी औरंगाबादच्या स्टँडवर जाऊन तो घ्यायचे. हॉस्टेलातल्या निम्म्या पोरी तेव्हा अशाच जगायच्या. शनिवारी स्टँडवर उभं राहिलं की कुठल्या गावात काय शिजलंय ते वासावरून कळायचं. डबा हातात आला की लगेच उघडायचा नाही, आधी कानाशी धरून हलवायचा, हा माझा आणि मायचा जुना खेळ. आमच्याकडे भाद्रपदाच्या पुनवेला भुलाबाई बसते ती कोजागिरीपर्यंत. रोज संध्याकाळी गल्लीतल्या पोरी एकेकीच्या घरी गाणी म्हणतात आणि शेवटी घरची बाई झाकलेला डबा आणून वाजवते. आत काय खाऊ आहे ते आवाजावरून ओळखायचं. लाह्या सळसळतात, फुटाणे टणटणतात, करंजी एकदाच ठोका देते आणि गप्प बसते. माझी माय या खेळात भलती लबाड. शिऱ्यावर चार शेंगदाणे टाकून वाजवायची, आणि पोरी बसायच्या शेंगदाणे शेंगदाणे करत.

दुसरी एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्या घरातून भांडं कधी रिकामं परत जात नसे. शेजारणीची वाटी आली तर जाताना तिच्यात काहीतरी पडलंच पाहिजे, काहीच नसलं तर चिमूटभर साखर. ‘रिकामं’ हा शब्दसुद्धा माय तोंडातून काढायची नाही, ‘मोकळं’ म्हणायची. मोकळी घागर, मोकळी कणगी. तर पहिल्याच शनिवारी धपाटे काढून घेऊन मी डबा धुतला, पुसला आणि तिथंच अडले. संध्याकाळच्या गाडीनं डबा परत जायचा होता आणि हॉस्टेलात ना चूल ना चमचाभर साखर. माझ्या खोलीत सुजाता होती, वैजापूरच्या बौद्ध कुटुंबातली, मास्तरांची मुलगी, जिभेला हाड नसलेली. तिच्या घरी भुलाबाई बसत नव्हती, पण डबा ओळखण्यात ती पहिल्या महिन्यातच माझ्या पुढं गेली. “खाऊच पाहिजे असं कुठंय?” ती म्हणाली. “बाहेर एवढं पडलंय. घाल काहीतरी वाजणारं.” मी ओढणी घेतली आणि बाहेर पडले. आज विचार करते तर वाटतं, त्या दिवशी डबा भरायचा नसता तर कॉलेजची जमीन मी पाहिलीच नसती. वर्गातून मेसमध्ये आणि मेसमधून खोलीत, एवढाच माझा रस्ता होता.

आमचं कॉलेज लेण्यांच्या डोंगराच्या पायथ्याशी. इमारती थोड्या आणि माळ फार. पावसाळाभर मी तिथून गुंजेचे लाल-काळे मणी, गुळगुळीत गारगोट्या, डोंगराच्या कडेची पिवळी सोनकी असं काय काय पाठवलं. पण खरी मजा आली ती पाऊस उघडल्यावर, आश्विनात. ऑक्टोबरच्या उन्हाला आपल्याकडे लोक फार नावं ठेवतात. मी नाही ठेवत. सकाळी त्या माळावर गुडघाभर गवत असायचं, खाली अजून हिरवं आणि वर शेंड्याला पिकलेलं, आणि दव इतकं की चपला हातात घेऊन चालावं लागे. डोंगरावर सीताफळांचे डोळे उघडायला लागलेले असायचे. फाटकाशी बायका टोपल्या घेऊन बसायच्या आणि फळ हातात घेऊन म्हणायच्या, “आज ठेव, उद्या खा.” परीट पक्षी नुकते आलेले असायचे, करड्या अंगाचे, शेपटी वरखाली करत वाचनालयासमोरच्या फरशीवर फिरणारे, जणू त्यांनाच साफसफाईला ठेवलंय. आणि संध्याकाळी भोरड्यांचे थवे. आधी एक काळा ठिपका, मग आभाळच वळल्यासारखं व्हायचं, आणि सगळे एका बाभळीवर उतरून एकदम बोलायला लागायचे. आम्ही पोरी कँटीनमधून कागदात मिरचीची भजी घ्यायचो आणि वाचनालयाच्या दगडी पायऱ्यांवर बसून तो गोंधळ ऐकायचो. दिवसभराच्या उन्हानं पायऱ्या तापलेल्या असायच्या, त्यांची ऊब सलवारीतून लागायची. इतकं बरं वाटायचं, की मला त्या क्षणी हटकून दिवाळी आठवायची आणि हातातलं भजं मी सुजाताला देऊन टाकायचे.

डब्याची उत्तरं कंडक्टरच्या तोंडून यायची. कदम त्यांचं आडनाव, मिशा मोठ्या आणि आवाज त्याहून मोठा. एका शनिवारी मी माळावरचा खुळखुळा पाठवला. ते पिवळ्या फुलांचं झुडूप असतं, शेंगा वाळल्या की आतलं बी सुटतं आणि वाऱ्यानंसुद्धा वाजतं. पुढच्या शनिवारी कदम स्टँडवर दहा माणसांत ओरडले, “तुझी माय म्हणली, तूर हाय म्हणून हलवला, उघडला तर खुळखुळा. म्हणली, पोरीनं फसवलं मला.” मी हसले तसे ते डबा हातात देत कुरकुरले, “मी कंडक्टर हाय का तुमचा पोस्टमन? परवा फुलंब्रीला एक बाई इचारती, यात काय वाजतंय. काय सांगू तिला?” पण डबा ते स्वतःच्या पायाशी ठेवायचे, टपावर कधी टाकला नाही. मायला फसवलं याचा मला इतका आनंद झाला होता, की मी आठवडाभर फक्त वाजणाऱ्या वस्तू शोधत हिंडले. हिंडायची सवय लागली ती कायमचीच. नोकरी झाली, निवृत्तीही झाली, शहराच्या पाटीवरचं नाव बदललं, तरी आश्विन लागला की मी अजून सकाळी त्या आवारात जाते. गवत कमी झालंय, इमारती वाढल्यात. परवा एक मुलगी मोबाइल धरून परटाच्या मागं मागं पळत होती. मी तिला म्हटलं, “बाळा, तू थांब, तोच येईल.” आला.

कोजागिरी झाली. खोलीत मी ट्रंकेकडं बघायचं टाळत होते. सुजाताला वैजापूरच्या त्या मुलाची माहिती होती, आणि विचारल्याशिवाय ती द्यायचीही. “पोरगा बरा आहे, वाईट नाही. जांभया फार देतो,” एवढंच तिचं म्हणणं. मला त्याच्या जांभयांशी काही देणंघेणं नव्हतं. मला पुढच्या आश्विनात इथं असायचं होतं, आणि हे कुणाला सांगायचं ते कळत नव्हतं. दादांना विचारलं असतं तर ते ‘बघू’ म्हणाले असते.

त्याच्या पुढच्या शनिवारी मी स्टँडवर गेले तर कदम रिकाम्या हातानं खाली उतरले आणि अंगठ्यानं मागं दाखवत म्हणाले, “आज मी सुटलो. तुझे दादाच आलेत.” दादा उतरत होते. पांढरा सदरा, टोपी, काखेत डबा. माझ्या पहिल्यांदा लक्षात आलं ते हे, की त्यांच्या गळ्यात टेप नव्हता. जन्मापासून मी दादांना गळ्यात टेप असल्याशिवाय पाहिलं नव्हतं, आंघोळीहून आले तरी आधी टेप आणि मग टोपी. ते म्हणाले, “सुट्टी लागायला चार दिस हायेत म्हणं. असू दे. चारच्या गाडीनं दोघं बी जाऊ. वैजापूरच्या मानसांचा निरोप आलाय, लवकर येतेत ते.” मी त्यांच्या काखेतला डबा घेतला आणि सवयीनं कानाशी धरून हलवला. काही वाजलं नाही. वजनही नाही. खोलीच्या किल्लीनं झाकण उचकटलं तर आत काही नव्हतं. घासून पुसून लख्ख केलेला पत्रा आणि त्यात माझं तोंड.

मला वाटलं, माय विसरली. मग वाटलं, माय विसरणाऱ्यातली नाही. दादा टोपी काढून डोकं खाजवत होते. “तुझ्या मायनं सांगितलंय,” ते म्हणाले, “मोकळा डबा न्या आन भरून आना. काय भरायचं म्हणलं, तर म्हणती, पोरीला ठावं हाय. तिच्यासंगं फिरा, ती दाखवील. लई येळ लागंल का?” मी झाकण परत लावलं. मग म्हटलं, “लागेल थोडा.”

आता दादा आणि मी, असं कुठं फिरलोच नव्हतो कधी. ते पुढं आणि मी मागं, ते भरभर चालायचे आणि मी धावत धावत गाईडसारखी बोलायचे. हे बघा गवत, हा बघा डोंगर, ती तिकडं लेणी. दादा “हं” म्हणायचे. त्यांचं लक्ष पोरींच्या कपड्यांवर. एकीच्या कमीजची बाही बघून थांबले आणि म्हणाले, “काखेत वढतंय. वाईट कापलंय.” मला शिंपी पक्षी दाखवायची फार हौस होती. वसतिगृहामागं आठवडाभर रोज दिसायचा, पानांना टाके घालणारा, वाटलं दादा खूश होतील. आम्ही झुडपापाशी किती वेळ उभे राहिलो, पण त्या दिवशी तो बेटा काही आला नाही. दादा म्हणाले, “सुट्टीवर आसंल.” आणि मग खाली बघितलं त्यांनी. माझ्या सलवारीची मोहरी कुसळांनी भरून गेली होती, गवतातून फिरल्यामुळं. ती सलवार त्यांनीच शिवलेली. ते तिथंच उकिडवे बसले आणि एकेक कुसळ काढायला लागले. “रोज हिंडतीस व्हय इथं?” त्यांनी वर न बघता विचारलं. मी म्हटलं, “रोज.” “एकटी?” “सुजाता असती. नाय तर एकटी.” त्यांनी शेवटचं कुसळ काढलं, शिवण बोटानं सपाट केली आणि उठले. यानंतर मात्र ते माझ्या बरोबरीनं चालले.

वाचनालयामागं बुचाची झाडं होती. बूच ज्यांनी पाहिला नाही त्यांना काय सांगावं. उंच सरळ झाड, बाकी वर्षभर कुणी वळून बघत नाही, आणि आश्विनात रात्री फुलतं. पांढरी फुलं, लांबच लांब बारीक देठाची. सकाळी खाली सडा पडलेला असतो आणि वास असा, की लांबून माणूस वळून येतो. सुजाता तिथं सावलीत मांडी घालून बसली होती, मांडीवर फुलांचा ढीग. तिनं दादांना नमस्कार केला आणि लगेच जीभ चालवली. “काका, तुम्ही एवढे मोठे टेलर. सुई-दोरा न घेता काही जोडता येतं का तुम्हाला?” दादा म्हणाले, “बिनदोऱ्याचं कोन जोडतंय, पोरी?” “मी जोडते,” ती म्हणाली, आणि तिनं हातातली वेणी वर धरली. वीतभर झालेली होती. बुचाची वेणी अशीच करतात, हे आमच्या आवारातल्या प्रत्येक पोरीला येत होतं. देठ एकमेकांत वळवत जायचे, केसांची वेणी घालतो तसे, एकेक फूल घेत. दोरा नाही, गाठ नाही.

दादांनी वेणी हातात घेतली. उलटी केली. कपड्याची उलटी बाजू बघावी तशी, टाका कुठं लपवलाय ते शोधत. देठ बोटांनी हलकेच ताणून बघितले. “टाका नाय,” ते म्हणाले. “गाठ नाय. कशावर टिकतंय हे?”

“एकमेकांवर,” सुजाता म्हणाली.

दादा खाली बसले. बुचाखाली, फुलांत, पांढऱ्या सदऱ्यानिशी. “दाव,” म्हणाले. सुजातानं दाखवलं, परत दाखवलं. त्यांची पहिली वेणी हातात उचलली की सुटायची. बोटांना दोऱ्याची सवय, ती सारखी काहीतरी आवळायला जायची आणि देठ तुटायचे. “आवळू नका काका, नुसतं टेकवा,” सुजाता म्हणायची, आणि दादा, जे कुणाचं ऐकून शिलाई बदलणारे नव्हते, ते “व्हय का” म्हणून परत सुरुवात करायचे. वरून मधूनच एखादं उशिराचं फूल भिरभिरत यायचं आणि त्यांच्या टोपीवर बसायचं. मी फुलं निवडून देत होते आणि त्यांच्या चेहऱ्याकडं चोरून बघत होते. नवं कापड दुकानात आलं की त्यावर हात फिरवताना ते असे दिसायचे. माझे वडील देखणे होते, हे मला त्या झाडाखाली कळलं. उन्हं कलली. सुजातानं भजी आणून दिली, ती त्यांनी डाव्या हातानं खाल्ली, उजव्या हातातली वेणी खाली ठेवायला ते तयार नव्हते. शेवटी एक टिकली. त्यांनी ती दोन्ही टोकांना धरून हवेत हलवली, सुटली नाही. “आगं, ऱ्हायली,” ते म्हणाले. त्यांनी स्वतः ती डब्यात ठेवली, खाली ओलं पान घालून, घडी मोडणार नाही अशी गोल.

स्टँडवर आलो तेव्हा गाडी लागलेली होती. माझी ट्रंक खोलीतच होती. ती आणायचं मी म्हटलं नाही आणि दादांनीही विचारलं नाही. कदमांनी डब्यासाठी हात पुढं केला तर दादा म्हणाले, “राहू दे, माझ्यापाशीच असू दे.” ते पायरीवर चढले आणि परत उतरले. “सरळ उभी ऱ्हा,” ते मला म्हणाले. मग त्यांनी माझ्या एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत वीत टाकली, मग खांद्यापासून कमरेपर्यंत. भर स्टँडवर, माणसं बघत होती. मी म्हटलं, “दादा, काय करताय?” “टेप ऱ्हायलाय घरी,” ते म्हणाले. “डोंगराखाली थंडी लई पडत आसंल. बंडी लागंल तुला माघात.” माघ म्हणजे दिवाळीनंतर किती पुढं. मी मान हलवली तेव्हा ते गाडीत चढले आणि खिडकीत बसून त्यांनी डबा मांडीवर घेतला. त्यांनी ‘बघू’ म्हटलं नाही.

दिवाळीला घरी गेले तेव्हा वैजापूरला नकार कळवून झाला होता. पहिल्या आंघोळीच्या आदल्या संध्याकाळी माय करंज्या तळत होती आणि मी लाटत होते. पुढच्या खोलीत मशीन चाललेलं होतं. मी हळूच विचारलं, “माय, डबा मुद्दाम मोकळा धाडलास?” ती कढईतून नजर न काढता म्हणाली, “भरून दिला असता तर उभ्या उभ्या तुझ्या हातात देऊन तुला घेऊन आले असते. मोकळा व्हता म्हणून हिंडावं लागलं त्यास्नी.” मग तिनं सांगितलं. दादा दिवेलागणीला एकटेच आले. तिनं काही न विचारता डबा घेतला, कानाशी धरला, हलवला. “वाजला नाय. मी म्हणलं, फुलं. उघडला तर वेणी. मी म्हणलं, कुणी केली? तर म्हणले, केली कुणीतरी. आन गेले टेप घेऊन कापड कापायला. माझ्याकडं बघंनात.”

“मग?” मी विचारलं.

“मग काय. घातली.” तिनं झाऱ्यानं करंजी उलटवली. “पार तपकिरी झालती, पन वास व्हता. दुसऱ्या दिशी तशीच घालून पाण्याला गेले. बायका म्हणल्या, कुठली गं? म्हणलं, हायेत आमच्या घरी शिवनारे.” एवढं म्हणून माझी माय लाजली. तिच्या लग्नाला किती वर्षं झाली होती, आणि दादांनी तिला कधी फूल आणलेलं मी पाहिलं नव्हतं. चुलीच्या उजेडात तिनं पदर तोंडावर घेतला आणि म्हणाली, “लाट की नीट, जाड व्हायलीय.”

सुट्टी संपली. निघताना माय स्टँडपर्यंत आली आणि डबा माझ्या हातात देत म्हणाली, “भरलेला हाय. आता हलवू नको, गाडी सुटल्यावर हलव.” दादा दुकानातच होते. गाडी दुकानासमोरून गेली तेव्हा त्यांनी मशीनवरून मान वर केली, आणि कदमांनी उगाचच घंटी दिली. फुलंब्री मागं पडल्यावर मी डबा कानाशी धरून हलवला. जड होता, काठोकाठ भरलेला होता, आणि अजिबात वाजला नाही. मी ओळखलं. दादांनी माघाची वाट बघितली नव्हती. झाकण न काढता तो मांडीवर घेतला आणि औरंगाबाद येईपर्यंत दोन्ही हातांनी धरून बसले.